फी मागायला रोह्याला गेले तेव्हा

आमचे हे पेणमध्ये लोकांचे इन्कम टॅक्सचे आणि जीएसटीचे रिटर्न भरून देतात. सीए नाहीत. तरुणपणी एका वकिलाकडे कारकून होते, तिथे हे काम शिकले आणि मग एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत भाड्याचा गाळा घेऊन दारावर पाटी लावली. मी सकाळी जाऊन गाळा झाडायचे, माठ भरायचे आणि लोक यायच्या आत घरी परतायचे. माझी शाळा चौथीपर्यंतची. वाचता येतं, लिहिताही येतं, पण चार माणसं समोर बसली की तोंडातून शब्द फुटत नाही. ह्यांनी त्यावरून मला कधी हिणवलं नाही. "तू घर बघ, लोकांचं मी बघतो," एवढंच म्हणायचे.

लोकांचं काम व्हायचं, पण ह्यांची फी यायची नाही. कर भरायचा म्हणून माणूस आधीच वैतागलेला असतो, त्यात भरून देणाऱ्यालाही पैसे द्यायचे हे त्याच्या जिवावर येतं. शिंप्याने शिवलेलं झंपर हातात घेऊन बघता येतं. ह्यांचं काम झालं की एक कागद निघतो, आणि तो हल्ली मोबाइलवरच जातो. रोह्याजवळच्या धाटावच्या कंपन्यांतले कामगार यायचे. "रिफंड पडला की त्यातनंच देतो साहेब." रिफंड पडल्यानंतर तो माणूस कधीही फोन केला तरी शिफ्टमध्येच असायचा. बाजारात आम्ही दोघं समोरून आलो तर एखादा चांगला शिकलेला माणूस कोळणीच्या टोपलीत इतका वाकून बघायचा, की ती म्हणायची, "दादा, मावरा घ्यायचाय का त्याच्याशी बोलायचाय?" हे हसायचे. मलाही हसू यायचं. तेव्हा घरात निभत होतं म्हणून हसू यायचं.

ह्यांची कामाची एक पद्धत होती. रिटर्नचं खातं उघडताना दर वेळी मोबाइलवर एक आकडा येतो, ओटीपी. तो सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. लोक सिम बदलतात, फोन उचलत नाहीत, म्हणून ह्यांनी बहुतेकांच्या खात्यावर स्वतःचाच मोबाइल नंबर टाकून ठेवला होता. गल्लीतल्या झेरॉक्सवाल्याने एकदा म्हटलं, "साहेब, सगळ्यांच्या नाड्या तुमच्या हातात हायत. ठेवा की अडकवून. आपोआप येतील पैसे घेऊन." हे म्हणाले, "नाड्या नाहीत रे त्या, कामं आहेत."

मग ह्यांचा मणका गेला. ऑपरेशन झालं, पण उजवा पाय पूर्वीसारखा चालेना. खाटेवर बसून, मांडीवर पाट आणि पाटावर लॅपटॉप ठेवून ते काम करू लागले. गाळा बंद राहिला आणि भाडं थकलं. डिपॉझिट होतं तेही भाड्यात वळतं झालं. गाळ्याचे मालक म्हातारे मुसलमान गृहस्थ, आम्ही त्यांना चाचा म्हणतो. ते एक दिवस घरी आले, खाटेजवळ बसले, ह्यांच्या पायावरून हात फिरवला आणि बोलले माझ्याशी. ह्यांच्याशी बोलवेना त्यांना.

"बेटी, माझा काय नाय गो. पोरगा कुवेतवरनं परत आलाय, त्याला मोबाइलचं दुकान टाकायचंय. भाडं चालू असतं तर मी त्याला गप बसवला असता. आता कुठल्या तोंडानं सांगू? महिनाअखेरपर्यंत बघा."

गाळा गेला तर पाटी जाणार होती. पाटी गेली की जुलैत, रिटर्नच्या हंगामात, नवीन माणूस येणार नव्हता. जुनी गिऱ्हाइकं फी देत नव्हती आणि नवीन येणार नव्हती, म्हणजे काय ते आम्हा दोघांना कळत होतं.

सगळ्यात जास्त बाकी रोह्याच्या एका शेठकडे होती. सिमेंट, सळ्या, फरशीचं मोठं दुकान. तीन वर्षांचं सगळं काम केलेलं, फी एकाही वर्षाची नाही. त्यांच्याकडून पैसे आले असते तर थकलेलं भाडं फिटून पुढचेही काही महिने निघाले असते. फोनवर ते नेहमी म्हणत, "या ना साहेब, समोरासमोर हिशेब करू." ह्यांना जाणं शक्य नव्हतं. दोन दिवस गेले. मग म्हणाले, "तू जाशील?"

मी मेमू गाडीने गेले. ह्यांनी स्वतःचा मोबाइल माझ्या पिशवीत घातला आणि माझा साधा फोन जवळ ठेवून घेतला. "रोख नाही म्हणाले तर फोनवर टाका म्हण. पैसे जमा झाले की मेसेज येतो. तो आल्याशिवाय उठू नकोस." नागोठणं मागे गेल्यापासून मी एकच वाक्य मनात घोळवत होते. 'ह्यांनी फी आणायला सांगितलंय.' समोर बसलेल्या बाईने विचारलं, "मला काय बोललात?" म्हणजे माझे ओठ हलत असावेत.

दुकानात शेठ मला बघून उठून उभे राहिले. "अरे, वहिनी! साहेबांनी तुम्हाला पाठवलं? मी म्हटलं, साहेब रागावले का काय आमच्यावर!"

मी म्हटलं, "नाही, रागावले नाहीत."

वाक्य तिथेच राहिलं.

"पैशाचं टेन्शन नाय घ्यायचं हां वहिनी. साहेबांचे पैसे आमच्याकडे म्हणजे बँकेत ठेवल्यासारखे." बँकेतले पैसे हवे तेव्हा काढता येतात, हे मला परतीच्या गाडीत सुचलं. "दुकानात कुठं बसताय, वर घरात चला. आमची मंडळी मला ओरडेल."

वर शेठाणींनी हात धरून पाटावर बसवलं. माझ्या आईच्या वयाच्या, प्रेमळ बोलणं. पायाची चौकशी केली, ऐकताना डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या, ते खोटं नव्हतं. पोहे झाले, चहा झाला. मी पिशवीतला मोबाइल काढून मांडीवर ठेवला आणि तोंड उघडणार, तोच त्या म्हणाल्या, "पहिल्यांदाच आलात घरी. सवाष्णीला तशीच कशी पाठवू?"

हळद-कुंकू आलं. तांदूळ आले, खण आला, नारळ आला. मी पदर पसरला. त्यांनी ओटी भरली आणि मी रीतीप्रमाणे वाकून त्यांच्या पाया पडले. त्या म्हणाल्या, "अखंड सौभाग्यवती राहा. साहेब चालायला लागू देत."

त्यांनी ते मुद्दाम केलं की मनापासून, हे मला अजून कळलेलं नाही. पण ज्या बाईने आपली ओटी भरली आणि जिच्या पायावर आपण डोकं ठेवलं, तिच्याच घरात उभं राहून पैसे मागायला जी जीभ लागते ती माझ्याकडे नाही. भरलेला पदर दोन्ही हातांनी धरून मी बसून राहिले.

शेठ वर आले. त्यांची सून आतून लॅपटॉप घेऊन आली आणि जेवणाच्या टेबलाशी बसली. कॉलेज शिकलेली, नीटनेटकी पोर. शेठ म्हणाले, "वहिनी, आता तुमचा हिशेब काय तो बघतोच आपण. एक बँकेचं काम अडलंय, लोनचं. साहेबांचा फोन आणलाय ना तुम्ही?"

मला वाटलं, आता पैसे टाकतायत. तेवढ्यात मांडीवरचा मोबाइल वाजला. मेसेज आला होता.

सून म्हणाली, "काकी, ओटीपी आला असेल. वाचून दाखवता?"

पैशांचा मेसेज नव्हता. मी तो आकडा बघत राहिले. ह्यांच्याजवळ इतकी वर्षं बसून मला इतकं कळत होतं की हा आकडा सांगितला की खातं उघडतं. 'आधी फी' हे दोनच शब्द बोलायचे होते.

मी म्हटलं, "ह्यांना विचारते."

"आजारी माणसाला कशाला उठवायचं?" शेठ म्हणाले. "साहेबांनी कधी आपलं काम अडवलंय का? आणि तुम्ही काय परक्या हात?"

शेठाणी म्हणाल्या, "वाच गो बाय. लगेच जातो म्हणे तो, मग पुन्हा करत बसावं लागतं."

मी वाचून दाखवला. एकेक आकडा, शाळेत पाढे म्हणतात तसा, स्वच्छ. सुनेने बटणं दाबली. नंतर ती लॅपटॉपमधून वर बघेचना. मी निघाले तेव्हा दारापर्यंत पोचवायला आली, माझ्या चपला सरळ करून ठेवल्या आणि हळूच म्हणाली, "सॉरी काकी." कशाबद्दल ते मला तेव्हा समजलं नाही. तोवर खाली दुकानात गेलेले शेठ तिथूनच म्हणाले, "साहेबांना सांगा, मार्च गेला की मी स्वतः येतो."

घरी आल्यावर ह्यांनी आधी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग पदराकडे. मोबाइल घेतला, मेसेज वाचला, लॅपटॉपवर शेठचं खातं उघडायचा प्रयत्न केला. उघडलं नाही.

"पासवर्ड बदलला त्यांनी," हे म्हणाले. "आता नंबरही बदलतील. सूनच करत असेल यंदापासून. घरचंच माणूस मिळालं."

मला हुंदका आला. ह्यांनी नारळ उचलून कानाशी हलवला. "पाणी आहे चांगलं," म्हणाले. मग लॅपटॉप मिटून ठेवला आणि भिंतीकडे तोंड केलं.

त्यानंतर शेठचा फोन कधी लागला नाही. महिनाअखेरीला चाचांचा मुलगा आला. वाईट माणूस नाही तो, टेबल आणि कपाट त्यानेच टेम्पोत चढवून घरी आणून दिलं. पाटी काढताना एक खिळा तुटून भिंतीतच राहिला, तर म्हणाला, "राहू द्या भाभी, माझ्या बोर्डाला कामाला येईल." कपाट घराच्या दारातून आत जाईना. ते अंगणात प्लॅस्टिकच्या कागदाखाली उभं आहे.

घर चालवायचं म्हणून मी गणपतीच्या कारखान्यात जाऊ लागले. साच्यातून निघालेली मूर्ती वाळली की तिच्यावर जोडाच्या रेघा राहतात, त्या पॉलिश पेपरने घासून काढायच्या. बायकांचंच काम ते. मान खाली घालून करायचं आणि कुणाशी बोलावं लागत नाही, म्हणून मला जमतं. संध्याकाळी केस, भुवया, सगळं पांढरं होतं. शेजारची बाई पहिल्या दिवशी म्हणाली, "आज आलीस नि आजच म्हातारी झालीस गो."

कारखानदार दर शनिवारी मजुरी देतात. मागावी लागत नाही. हात धुऊन आम्ही रांगेत उभ्या राहतो आणि ते एकेकीच्या हातावर ठेवतात. एकीचेही पैसे कधी बुडवले नाहीत. तेही ह्यांचंच गिऱ्हाईक, बरीच वर्षं आहेत. मागच्या शनिवारी माझी पाळी आली तेव्हा पैसे देऊन झाल्यावर त्यांनी टेबलाखालून एक फुगलेली कापडी पिशवी काढली.

"वहिनी, घरीच चाललाव ना? ही वर्षाची बिलं हायत. साहेबांना द्या, रिटर्न भरून टाकायला सांगा."

मी पिशवी धरून उभी राहिले. मागची बाई म्हणाली, "सरक गो पुढं." कारखानदारांना काय वाटलं कोण जाणे, ते स्वतःच म्हणाले, "मागलं नि यंदाचं, साहेबांचं सगळं एकदमच बघू. गणपती होऊन जाऊ देत."

"व्हय," मी म्हटलं.

घरी येऊन मी मजुरी डब्यात ठेवली आणि पिशवी ह्यांच्या खाटेवर. कोणाची ते सांगितलं. "फीचं काय म्हणाले?" असं हे विचारतील म्हणून मी थोडा वेळ तिथेच थांबले. त्यांनी विचारलं नाही. पिशवी पायांजवळ उपडी केली, डोळ्यांवर चष्मा चढवला आणि बिलं तारखेप्रमाणे लावायला घेतली. मी अंगावरची पांढरी पूड धुवायला मोरीत गेले.