डाव्या खांद्याची गादी

माझा डावा खांदा उजव्यापेक्षा दीड-पावणेदोन इंच खाली आहे. पाठीचा कणा मधेच एका बाजूला झुकलाय, त्यामुळे. मी बारा-तेरा वर्षांची असताना ते आईच्या लक्षात आलं आणि तिनं मला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी माझ्या पाठीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "दुखतं का?" मी नाही म्हटलं. "मग राहू द्या," ते म्हणाले. बाहेर आल्यावर आई दवाखान्याच्या पायरीवरच थांबली. "राहू द्या म्हणे! त्यांना काय, त्यांना थोडंच हिचं लग्न करायचंय."

त्या दिवसापासून माझे कपडे हे आईचं काम झालं. रेघांचं कापड बंद, चौकटीचं बंद, कारण सरळ रेघ अंगावर आली की वाकडेपण दिसतं. बारीक फुलं चालायची, गडद रंग चालायचे. वेणी डाव्या खांद्यावरून पुढे घ्यायची. फोटोत कडेला उभं राहायचं आणि डावा खांदा शेजारणीच्या मागे जाऊ द्यायचा. साडी नेसायला लागल्यावर आईला थोडं बरं वाटलं. "डावाच खांदा खाली आहे हे नशीब. पदर त्याच बाजूला येतो," असं ती शेजारीपाजारी नाही, पण मला मात्र पुन्हा पुन्हा सांगायची.

पदरानं सगळं झाकलं जात नव्हतं. बी.ए. झाल्यावर मला बघायला माणसं यायला लागली, आणि दुसऱ्याच वेळी मुलाच्या मावशीनं म्हटलं, "जरा पाठमोरी उभी राहा बघू. केस बघू दे." मी उभी राहिले. केस माझे चांगले होते. त्यांनी काय पाहिलं ते मला कळलं, कारण मी वळले तेव्हा त्या बशीत बघत होत्या. आठ दिवसांनी पत्रिका जुळत नसल्याचं कार्ड आलं. पत्रिका तर त्यांनी आधीच जुळवली होती.

त्यानंतर आई मला मास्तरांकडे घेऊन गेली. कसबा पेठेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं. त्यांच्या आजोबांनी ते सुरू केलं होतं. पुढे मशीन, मागे घर. बायकांची मापं पडद्यामागे त्यांची बायको घ्यायची. आम्ही सगळ्या तिला भाभी म्हणायचो. भाभीनं टेप लावला, दोन्ही खांदे मोजले आणि आकडे मास्तरांना मोठ्यानं न सांगता चिठ्ठीवर लिहून दिले. एवढी जाण तिला होती.

मास्तरांनी चिठ्ठी वाचली आणि आईला म्हणाले, "आतून कापसाची गादी बसवू. पण पूर्ण दीड इंच नको. मान हलवली की कळेल. सव्वा भरतो, उरलेलं पदर सांभाळून घेईल."

"धुवायला चालेल?" आईनं विचारलं.

"चालेल. वाळायला वेळ लागेल फक्त."

त्या ब्लाउजमध्ये मी आरशासमोर उभी राहिले तेव्हा आईच्या डोळ्यांत पाणी आलं. मी सरळ दिसत होते. मला स्वतःला मात्र कुणीतरी खांद्यावर हात ठेवून उभं आहे असं वाटत राहिलं, आणि तो हात काही निघेना.

गादीच्या ब्लाउजात मी आणखी तीन ठिकाणी बसले. प्रत्येक वेळी आई आदल्या दिवशी मला ट्रे घेऊन चालायला लावायची. डावं कोपर जरा वर, मान उजवीकडे झुकू द्यायची नाही, बसताना भिंतीकडची खुर्ची धरायची. तिसऱ्या ठिकाणचा होकार आला. मुलगा सरकारी कचेरीत कारकून, वडील नाहीत, आई आणि एक धाकटी बहीण. कात्रजच्या रस्त्याला सोसायटीत छोटंसं घर. तो भाग तेव्हा गावाबाहेर समजला जायचा. आईनं पेढे आणले. पण हे लपवून लग्न करायचं नाही, असं मी मनात ठरवून टाकलं होतं.

बोलणी झाल्यावर एका रविवारी आम्हा दोघांना पर्वतीवर जाऊन यायची परवानगी मिळाली. अर्ध्या पायऱ्या चढून झाल्यावर ते थांबले आणि म्हणाले, "तुमची पर्स सारखी घसरतेय. उजव्या खांद्याला का नाही अडकवत?"

खरं तर त्या दिवशी घाईत मी ती चुकून डावीकडे अडकवली होती. मी कठड्यापाशी बसले आणि सगळं सांगून टाकलं. कणा, डॉक्टर, गादी. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "दुखत नाही ना?"

"नाही."

"मग मला काही अडचण नाही. फक्त आईला आत्ता सांगायला नको. तिचा स्वभाव वेगळा आहे. लग्न होऊन जाऊ दे, मग मी सांगतो."

मला इतकं हलकं वाटलं की त्या 'मग'कडे माझं लक्षच गेलं नाही. उरलेल्या पायऱ्या मी भराभर चढले.

लग्न झालं. महिना गेला, दिवाळी गेली. मी विचारलं की ते म्हणायचे, "सांगतो गं, जरा वेळ बघून." वेळ काही येत नव्हती. सासूबाईंची तब्येत बरी नाही, मग नणंदेचं लग्न ठरायचंय, मग ठरलंय, मग तिचं बाळंतपण. मधे माझंही बाळंतपण झालं. दवाखान्यात मागून नाड्या बांधायचा झगा होता. भर मे महिन्यात मी अंगावर शाल ओढून पडले होते. सासूबाई बाळ बघायला आल्या तेव्हा हे माझ्या डाव्या बाजूला भिंतीसारखे उभे राहिले. सासूबाई म्हणाल्या, "एवढ्या उकाड्यात शाल कसली?" हे म्हणाले, "तिला थंडी वाजतेय." मी घामानं भिजले होते.

घरातसुद्धा गादी होतीच. बाहेर जायच्या ब्लाउजात असते आणि घरच्यात नाही असं करून कसं चालेल? ओट्याशी पोळ्या लाटताना गादी, धुणं धुताना गादी. सकाळी सासूबाई उठायच्या आत मी अंघोळ करून तयार असायची. ब्लाउज कधी इस्त्रीवाल्याकडे दिला नाही. दोरीवर वाळत घालताना त्यावरून परकर पसरायची. पावसाळ्यात कापूस दोन-दोन दिवस वाळायचा नाही, मग तसाच दमट ब्लाउज चढवायचा. खांद्यावर पुरळ उठायचं, खाज यायची, आणि चारचौघांत तिथे हात न्यायची चोरी. एकदा नणंद माहेरी आली आणि एका लग्नाला जाण्यासाठी माझा जरीचा ब्लाउज मागू लागली. आमचं माप सारखंच होतं. मी नाही म्हटलं. काय कारण सांगणार? "एक ब्लाउज देववत नाही हिला," असं ती आतल्या खोलीत तिच्या आईला सांगताना मी ऐकलं. पुढे कितीतरी वर्षं मी त्या घरात हातचं काही सुटत नाही अशी बाई होते.

सगळ्याला सवय होते असं म्हणतात. मला झाली नाही. मी फक्त दमत गेले.

लग्नाला अकरा वर्षं झाली होती तेव्हा सासूबाई मोरीत घसरल्या आणि त्यांचं उजवं मनगट मोडलं. हात दीड महिना प्लास्टरमध्ये. त्यांना अंघोळ घालणं, नेसवणं हे सगळं माझ्याकडे आलं. बाई स्वभावानं तुटक, अंगानं ठेंगणी आणि जाड. नेसवताना त्यांच्या सूचना चालायच्या. "पोटावर निऱ्या नकोत, मी काय बोचकं आहे? जरा बाजूला घे. पदर मोठा सोड, पाठ झाकली पाहिजे." इतकी वर्षं मला वाटत होतं की नीटनेटकं दिसायची कटकट घरात मला एकटीलाच आहे.

एका दुपारी नात्यातल्या मुंजीला जायचं होतं. एप्रिलचं ऊन. मी त्यांना नेसवून खुर्चीवर बसवलं आणि त्यांच्याकडे पाठ करून घाईघाईनं पदराला पिन लावत होते. मागून त्या म्हणाल्या, "आज तरी ती गादी काढ. जीव जाईल उन्हात."

माझ्या हातातली पिन तशीच राहिली. "कसली गादी?"

"खांद्यातली. आणखी कसली?" त्यांचा आवाज अगदी रोजचा होता. "अकरा वर्षं तू वाळत घातलेलं धुणं दोरीवरनं मी काढतेय. अख्खा ब्लाउज कडकडीत वाळलेला आणि डावा खांदा ओला. मला काय समजत नाही?"

मी पलंगावर बसले. "कधीपासून माहीत आहे तुम्हाला?"

"पहिल्या पावसाळ्यापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"वाटलं, त्याला माहीत नसेल. माझ्या तोंडून कळलं तर तुमच्या दोघांत काही व्हायचं. कशाला?"

"त्यांना लग्नाआधीपासून माहीत आहे, आई. मीच सांगितलं होतं. ते म्हणाले, तुम्हाला सांगायला नको."

त्यांनी प्लास्टरचा हात मांडीवर सरकवून घेतला. मग म्हणाल्या, "वा. मी त्याच्यापासून लपवतेय, तो माझ्यापासून लपवतोय, आणि ओला कापूस घालून फिरतेस तू."

त्यांना हसू आलं असावं. मला आलं नाही. मी विचारलं, "तेव्हा कळलं असतं तर हो म्हणाला असतात?"

"नाही," त्या म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू? नसते म्हणाले."

त्या 'नाही'चा मला राग आला नाही. पत्रिकेचं निमित्त न सांगता, समोर बसून, सरळ मिळालेला तो पहिलाच नकार होता. राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. पण मुंजीला उशीर होत होता. मी पिन लावली, गादीसकट तशीच निघाले. दुसरा ब्लाउज होताच कुठे?

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. ते चहा पीत होते. कप खाली ठेवून म्हणाले, "आईला माहीत होतं?"

"पहिल्या पावसाळ्यापासून. तुम्ही सांगणार होतात."

"हो," ते म्हणाले. "राहून गेलं."

बस, एवढंच. इस्त्रीला द्यायचा शर्ट राहून जातो तसं. त्यात दुष्टपणा काही नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं. माणूस भला होता, शेवटपर्यंत भलाच राहिला. ते पुढे काही बोलतील म्हणून मी थोडा वेळ उभी राहिले. मग मुलीचा अभ्यास घ्यायला गेले.

पुढच्या आठवड्यात सगळे ब्लाउज पिशवीत भरून मी कसबा पेठेत गेले. मास्तरांना आता जाड चष्मा होता. मी म्हटलं, "ह्या सगळ्यांतल्या गाद्या काढायच्यात."

त्यांनी एक ब्लाउज उलटा करून पाहिला. "नुसती काढून भागणार नाही. हे सगळं गादी धरून बेतलंय. काढली तर काखेशी मुंढ्याला घोळ पडेल, आहे त्याहून वाकडं दिसेल."

"मग?"

"जुने जेवढे सुधारता येतील तेवढे सुधारतो. चार नवे शिवतो, आहे त्या मापाचे." त्यांनी पडद्याकडे पाहून भाभीला हाक मारली.

भाभीनं पुन्हा टेप लावला. या वेळी फरक दीड इंच नव्हता, पावणेदोन होता. "इतकी वर्षं खांदा उचलून धरलाय तुम्ही," ती म्हणाली. "आता सैल सोडलात." आणि तिनं आकडे मोठ्यानं सांगितले. दुकानात आणखी दोन बायका बसल्या होत्या. त्यांच्यापैकी एकीनंही वर पाहिलं नाही.

नव्या ब्लाउजात मी पहिल्यांदा मंडईत गेले तेव्हा सगळे माझ्याकडे बघतील अशी माझी खात्री होती. मेथीवालीनं सुटे मागितले, एवढंच. कचेरीतून आल्यावर ह्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "बरं दिसतंय." त्या दिवशी मी काहीतरी वेगळं ऐकायची वाट बघत असेन. सासूबाईंनी मात्र त्यानंतर एकदाही तो विषय काढला नाही. प्लास्टर निघाल्यावर पहिल्या दिवशी त्यांनी स्वतः जाऊन दोरीवरचे कपडे काढले, घड्या घातल्या आणि माझे ब्लाउज माझ्या पलंगावर आणून ठेवले.

हलकं वाटायला हवं होतं. वाटलंही असेल थोडं. पण माझी मान अजून उजवीकडून डावीकडे ओढली जायची, हात आपोआप पदराकडे जायचा, आणि पाठ दुखायला लागली होती. आधी कधीच दुखली नव्हती ती. अकरा वर्षं खांदा वर धरून ठेवल्याचं हे फळ, असं नंतर व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं.

सोसायटीत लक्षात आलं ते फक्त खालच्या मजल्यावरच्या बाईंच्या. त्यांनी मला जिन्यात गाठलं, वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि काळजीनं विचारलं, "अहो, खांद्याला काय झालं? पडलात की काय?"

"नाही. लहानपणापासून आहे."

"काहीतरीच! परवापर्यंत तर सरळ होता. मी रोज बघते ना तुम्हाला."

मी काहीतरी बोलले. संध्याकाळी त्यांनी तेलाची बाटली वर पाठवून दिली, रोज रात्री चोळा, महिन्यात पूर्ववत होईल असा निरोपही दिला. मी बाटली ठेवून घेतली. परत केली असती तर सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं असतं.