रक्त घ्यायला येणारा

रक्त घ्यायला तो पूर्णा गावाहून येतो. चपला जिन्यातच काढतो, कोपरापर्यंत हात धुतो आणि माझ्या मुलीला म्हणतो, "बोला मॅडम, आज कंचा हात?" रिपोर्टमधला आकडा मात्र तोंडाने कधीच सांगत नाही.

ज्यांतून रक्त तयार होतं त्या माझ्या मूळ पेशी मुलीला दिल्यात. त्या वाढत नाहीयेत. डॉक्टर म्हणतात, पेशी चांगल्या आहेत. पेशी देण्याआधीच्या जालीम औषधांनी तिच्या हाडांतली जागाच दुखावली आहे, आणि त्या जागेनेच वाढायचा इशारा दिल्याशिवाय त्या वाढणार नाहीत. मला पटत नाही. खोट माझ्यातच असणार. तो आला की मी दाराबाहेर उभा राहतो.

काल सुईचं पाकीट फोडता फोडता तो थांबला. "काका, आत या. हात धरा हिचा."

"माझ्याच पेशी कुचकामी निघाल्या रे."

"त्यांना आत जागा न्हाय अजून. तुम्हाला तर हाय ना? मग भायेर का?"

मी हात धुऊन मुलीजवळ बसलो. तिचं मनगट धरलं.

"पप्पा, माझ्यावर रागावला होतात म्हणून आत येत नव्हतात ना?" तिने विचारलं.

नस सापडली होती, तरी तो मान खाली घालून ती शोधतच राहिला.