सीरियस

अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर मी सकाळपासून नुसता उठतोय, बसतोय. आत माझी बायको सुमन आहे. मघाशी डॉक्टर म्हणाले, "काका, सीरियस आहे."

हा शब्द मला काही नवा नाही. शाळेत गणिताचे सर ओरडायचे, "जरा सीरियस हो!" तेव्हा त्याचा अर्थ 'दात काढू नकोस' एवढाच होता. पुढे परगावी नोकरीला असताना वडिलांची तार आली, आई सीरियस आहे म्हणून. मी एसटीत उभ्यानं प्रवास करून धापा टाकत घरी पोचलो, तर आई पोहे परतत होती.

"मुलगी बघायला एरवी आला असतास का?" ती म्हणाली.

ती मुलगी म्हणजे सुमन. लग्नानंतर कितीतरी वर्षं आम्ही त्या तारेवर हसलो. आज मात्र वाटतं, कुणीतरी पुन्हा तसंच फसवावं.

इतक्यात मुलाचा फोन आला. "बाबा, काय म्हणाले डॉक्टर?"

शब्द ओठांवर आला, पण मला काही तो उच्चारवेना.

"तू ये," मी म्हणालो.

"निघालोच," म्हणत त्यानं फोन ठेवला.