लाल शर्टासमोरची खुर्ची

लीड्सच्या हॉस्पिटलात मी लॅबमध्ये होते आणि ती वॉर्डवर नर्स. आमची ओळख भांडणातून झाली. तिनं पाठवलेल्या रक्ताच्या नमुन्यावर लेबल नाही म्हणून मी तो परत पाठवला, तर बाईसाहेब जिने उतरून स्वतः खाली हजर. "लेबल मागच्या बाजूला आहे. फिरवून बघ," म्हणाली. फिरवून बघितलं तर होतं. अशा माणसाशी एक तर जन्माचं वैर होतं, नाही तर मैत्री. आमची मैत्री झाली, कारण घरं एकाच रस्त्यावर निघाली आणि दोघींच्या मुली एकाच वर्गात.

ती चीनमधून आलेली. नवरा मँचेस्टरला नोकरीला, म्हणजे शनिवार-रविवारचा पाहुणा. तिच्या शिफ्टा लांबायच्या तेव्हा तिची मुलगी शाळेतून थेट आमच्याकडे यायची. माझ्या लेकीबरोबर वरणभात खायची, पोळ्या लाटायला लुडबुडायची. "हळू", "थोडंसं", "भरपूर", "डावीकडचा ड्रॉवर" हे सगळं तिला कानावर पडून पडून कळायला लागलं. मला मावशी म्हणायची. आणि तिला न्यायला आलेली आई जेवायलाच बसायची, त्यामुळे तिचंही तेच झालं. ती मला ताई म्हणायची. बाकीचं बोलणं आमचं इंग्रजीत.

आता तिच्या देशप्रेमाबद्दल. मी स्वतः काही कमी नाही, पण तिच्यापुढे मी अगदीच लेचीपेची. तिच्या स्वयंपाकघरात चिनी चॅनल दिवसभर चालू. एक ऑक्टोबरला, त्यांच्या राष्ट्रीय दिनाला, खिडकीत लाल झेंडा. मुलगी कुणाला "आय ॲम फ्रॉम लीड्स" म्हणाली की आई लगेच दुरुस्त करायची, "लीड्समध्ये राहणारी चिनी." मुलगी डोळे फिरवायची.

मी ब्रिटिश पासपोर्ट घेतला तेव्हा तिला म्हटलं, तूही घेऊन टाक, व्हिसाच्या रांगा सुटतील. त्यांच्याकडेही आपल्यासारखंच, दोन देशांचं नागरिकत्व चालत नाही. ती म्हणाली, "मी इथे काम करते, टॅक्स भरते, इथल्या म्हाताऱ्यांना अंघोळ घालते. पण माझा लाल पासपोर्ट नाही सोडणार." मी म्हटलं, "अगं, यांचाही लालच आहे. शेजारी ठेवलेस तर ओळखू यायचे नाहीत." तिला ते मुळीच गमतीचं वाटलं नाही.

ऑलिम्पिक बीजिंगला होणार होतं त्या वर्षी वसंतात ज्योत लंडनला आली. तिबेटवरून चीनविरुद्ध निदर्शनं होणार हे टीव्हीवर आधीपासून चालू होतं. ती पहाटेच्या बसनं झेंडा घेऊन गेली आणि परत आली ती घसा बसवून. दुसऱ्या दिवशी टी-रूममध्ये एकानं हसत विचारलं, "बसचं भाडं तुमच्या गव्हर्नमेंटनं दिलं का?" ती म्हणाली, "भाडं माझं. सँडविचसुद्धा माझं." मला आत कुठेतरी आवडलं ते, पण त्याच वेळी राग पण आला. बाहेर आल्यावर मी विचारलं, "तुमच्याकडे सगळं आलबेल आहे का गं, इतकं ओरडायला?"

"नाही," ती म्हणाली. "घरात मी माझ्या देशाला काय काय बोलते ते तू ऐकलं आहेस, ताई. मी बोलेन. त्यानं हसून विचारायचं नाही."

माझ्या भावाला मी वाटेल ते बोलते, पण वहिनीच्या माहेरच्यांनी बोललेलं मला तरी कुठे खपतं?

उन्हाळ्यात ऑलिम्पिक झालं. त्यांना रोज सुवर्णपदकं. आपल्याला नेमबाजीत एक मिळालं, तर मी लॅबमध्ये पेढे वाटले. ती पेढा खात म्हणाली, "एकाचे पेढे? मी वाटायला लागले तर दुकान काढावं लागेल." असली खवचट बाई.

पण तिचा खरा देश टीव्हीवर नव्हताच, तो टेबल टेनिसच्या टेबलावर होता. सातव्या वर्षी तिला त्यांच्या प्रांताच्या क्रीडाशाळेत घातलं होतं. सकाळी खेळ, दुपारी खेळ, मधे थोडा अभ्यास. पंधराव्या वर्षी कोपर दुखावलं आणि शाळेनं तिला घरी पाठवलं. देशाचा शर्ट कधी अंगावर चढलाच नाही. हे तिनं मला एकदाच सांगितलं, भाजी निवडता निवडता, मान वर न करता. मग ती नर्स झाली, इथे आली, आणि आमच्या भागातल्या चर्च हॉलमध्ये संध्याकाळी मुलांचा क्लब चालतो म्हटल्यावर तिथे शिकवायला लागली. मुलीला तिनं बॅट पेन धरावं तशी धरायला शिकवली, त्यांच्याकडच्या जुन्या पद्धतीनं. इंग्लिश मुलांना त्या हाताचा अंदाजच यायचा नाही. शिवाय दोन गेमच्या मधल्या मिनिटभरात आई टेबलाजवळच्या कोचच्या खुर्चीत बसून चिनीत खणखणीत आवाजात सल्ला द्यायची, समोरच्याला काही कळायचं नाही. तेराव्या वर्षी पोरगी यॉर्कशरमध्ये कुणाला ऐकेना.

त्या शरदात मोठी ज्युनिअर स्पर्धा ठरली, आणि पाहुणी म्हणून चीनमधून एका क्रीडाशाळेची टीम यायची होती. कुठल्या? तर हिच्याच. जिनं हिला घरी पाठवलं होतं तीच. पोरीचा पहिलाच सामना त्यांच्यातल्या एका मुलीशी पडला.

आदल्या दिवशी संध्याकाळी पोरगी माझ्या स्वयंपाकघरात ताटातला भात चिवडत बसली होती. दुसऱ्यांदा वाढू का म्हटलं तरी नको. शेवटी म्हणाली, "मावशी, मम उद्या माझ्या चेअरमध्ये बसणार नाही. ती म्हणते, क्लबचे ओल्ड कोच बसतील. She won't sit against China."

रात्री आई तिला न्यायला आली तेव्हा मी तिला दारातच धरलं. "तू खुर्चीत बसलीस म्हणून काय चीन बुडणार आहे?"

तिलाही राग आला. "तुझी मुलगी हेडिंग्लीच्या क्रिकेट ग्राउंडवर इंग्लंडचा टी-शर्ट घालून इंडियाची मॅच बघायला निघाली, तेव्हा दोन दिवस तिच्याशी कोण बोललं नव्हतं?"

खरं होतं. आणि मी आजही म्हणते, मी बरोबर केलं. पण मी माघार घेतली नाही. "मी बोलले नसेन. पण डबा दिला होता."

ती दाराच्या चौकटीला टेकली. "ताई, त्या मुलींच्या अंगावर जो लाल शर्ट आहे ना, त्याच्यासाठी मी आठ वर्षं पहाटे उठले. त्याच्या समोर बसून तो कसा हरेल हे मी सांगू? आणि नाही बसले, तर माझी मुलगी..." धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं तिचं झालं होतं, आणि ते बघून माझा राग मावळला. तरी मी तिला समजावलं वगैरे नाही. माझ्या स्वभावात ते नाही.

दुसऱ्या दिवशी स्पोर्ट्स हॉलमध्ये आम्ही दोघी वर प्रेक्षकांत बसलो. खाली क्लबचे म्हातारे इंग्लिश कोच खुर्चीत, प्रेमळ माणूस. समोर लाल शर्टातली मुलगी, छातीवर झेंडा, आमच्या पोरीएवढीच, पण काय तो हात! तिचे पन्नाशीचे कोच पलीकडच्या खुर्चीत ताठ बसलेले. पहिला गेम गेला. दुसरा गेला. पाचांतले तीन जिंकायचे असतात, म्हणजे आता संपल्यातच जमा. माझ्या शेजारची बाई पहिल्या पॉइंटपासून पुटपुटत होती, हात हवेत फिरत होते, मांडीवरची पर्स दोनदा खाली पडली. खालचे कोच पोरीच्या पाठीवर थोपटून म्हणाले, "Never mind, love." आणि पोरीनं वर बघितलं. माझ्याकडे नाही, आईकडे.

मी म्हटलं, "उंटावरून शेळ्या हाकू नकोस. खाली जा."

ती गेली. पायऱ्या जवळजवळ उतरलीच नाही, घसरली. म्हाताऱ्यानं हसून खुर्ची रिकामी केली. ती बसली, लाल शर्टाच्या बरोबर समोर, आणि सवयीनं चिनीत खणखणीत आवाजात सगळं सांगून टाकलं.

तिसरा गेम सुरू झाला आणि आमचे चार पॉइंट धडाधड गेले. पोरगी जिथे चेंडू टाकणार तिथे समोरची आधीच उभी. कपाळावर हात मारायची वेळ आली माझ्यावर. अगं बाई, तू जे ओरडून सांगितलंस ते पलीकडच्या कोचना तुझ्याइतकंच कळतंय की! वर्षानुवर्षं इंग्लिश लोकांसमोर चाललेली युक्ती आज अंगाशी आली होती.

तिच्याही लक्षात आलं. तिनं दोन्ही हातांनी टाइमआउटची खूण केली. सामन्यात एकदाच घेता येतो तो. पोरगी जवळ आली. आईनं तोंड उघडलं, मिटलं, पलीकडे बघितलं. इंग्रजीत सांगावं, तर लेफ्ट-राइट त्या कोचना कळणारच. आणि मग माझ्या कानांवर विश्वास बसेना, कारण खालून आवाज आला, "थोडंसं. डावीकडे. हळू. हळू. मग डावीकडे भरपूर! जोरात!"

पोरीला आधी हसू फुटलं. मग तिनं मान डोलावली. सर्व्हिस आखूड टाकायची, डाव्या कोपऱ्यात, धीर धरायचा, आणि चेंडू वर आला की लांब, पूर्ण ताकदीनं. माझ्या स्वयंपाकघरातल्या पाच-सहा शब्दांत सगळा डाव बसला. पलीकडचे कोच मान लांब करून ऐकत होते आणि त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या होत्या. मी वर एकटी उभी राहून टाळ्या वाजवत होते. शेजारच्या इंग्लिश बाईनं विचारलं, "Is that Chinese?" मी म्हटलं, "No, that's mine!" ऊर असा भरून आला होता की काय सांगू. आपली भाषा कुठे कामी येईल याचा काही नेम नाही.

तिसरा गेम आमचा झाला. चौथाही. पाचव्यात दोघी बरोबरीनं पुढे सरकत राहिल्या, आणि शेवटी लाल शर्टातल्या मुलीचा एक फटका टेबलाच्या बाहेर गेला. आमची पोरगी जागच्या जागी बसलीच. आई खुर्चीतून उठली नाही. दोन्ही हात तोंडावर धरून तशीच बसून राहिली. मी खाली धावले.

पुढचं मी डोळ्यांनी बघितलं, पण बोलणं काय झालं ते तिनं नंतर सांगितलं. त्या कोचनी हरलेल्या मुलीला भिंतीशी उभं करून दबक्या आवाजात झापायला सुरुवात केली होती. मुलगी मान खाली घालून उभी, नाक ओढत. आमची बाई बॅग भरत होती. तिनं दोन वाक्यं ऐकली आणि हातातला टॉवेल टाकून तरातरा तिकडे गेली. ते म्हणत होते, परदेशी मुलीकडून हरलीस, घरी जाऊन काय तोंड दाखवणार?

ती त्यांना म्हणाली, "परदेशी कोण? मला तुमच्या शाळेनं शिकवलं, आणि मी हिला शिकवलं. टेबलाच्या दोन्ही बाजूंना आपलीच शाळा खेळत होती. या पोरीला मान खाली घालायचं काही कारण नाही."

कोचनी विचारलं, कोणत्या वर्षाची तू, कोणाच्या हाताखाली शिकलीस. तिनं सांगितलं. त्यांनी हात पुढे केला. दोन्ही हातांनी तिचा हात धरला. जाता जाता म्हणाले, "आणि ती भाषा कुठली?" ती म्हणाली, "लीड्समध्ये बोलतात."

गाडीत हे सगळं ऐकून झाल्यावर मागच्या सीटवरून चिप्स खात पोरीनं विचारलं, "मम, if both sides were yours, मग आज who won?"

आई सीटबेल्टसकट मागे वळली. डोळे लाल होते, पण आवाज अगदी स्वच्छ. "तू जिंकलीस," ती म्हणाली. "आणि मी. त्यांनी मला घरी पाठवलं होतं. आज त्यांना कळलं, कुणाला पाठवलं होतं."

मी गाडी चालवत होते म्हणून बरं, नाही तर तिथल्या तिथे तिला मिठी मारली असती.