भिकाजीकाकांचं अडलेलं गाऱ्हाणं

आमच्या वाडीत भिकाजीकाकांइतका मऊ बोलणारा माणूस दुसरा नाही. आंब्याच्या कलमांत शिरलेल्या गाईला ते "बाई, जरा पलीकडं व्हा" म्हणतात. वांदरांवर दगड टाकायचा तर आधी खाकरतात, म्हणजे वांदराला वाईट वाटायला नको.

म्हणूनच देवळातलं गाऱ्हाणं त्यांच्याकडं आहे. वैशाखात केदारलिंगाचं वार्षिक, म्हणजे वर्षाची पूजा असते. मुंबईकर येतात, वाडी सभामंडपात गोळा होते आणि काका हात जोडून वाडीच्या वतीनं देवाशी बोलतात. त्यांच्या प्रत्येक वाक्याला प्रत्येक घरातून "व्हय महाराजा" यावं लागतं. एक घर जरी गप्प राहिलं तरी गाऱ्हाणं तिथंच अडतं, नारळ फुटत नाही आणि पुढल्या सालापासून मान दुसऱ्या घरी जातो. काकांच्या घरात हा मान आज्यापासून आहे. कलमं गेली तरी चालतील, पण मान जाता कामा नये, असं ते म्हणतात. कलमांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणतात.

अशा माणसाच्या हाती मुलीनं फोन दिला.

चिरेखाणीवर जन्म घालवलेली बोटं ती. एक अक्षर दाबायला गेलं की शेजारच्या तिघांचा जीव जातो. म्हणून काका फोनला तोंडी सांगतात आणि फोन लिहितो. त्याच सुमाराला सीमेवर तोफा सुरू झाल्या आणि वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रत्येकजण सेनापती झाला. काका त्यात सर्वांत कडक. समोर माणूस नसला की त्यांच्या जिभेचं कुंपणच पडतं. पडवीत बसून ते फोनवर गरजत, त्यामुळं मजकूर ग्रुपवर जायच्या आधी वाडीनं ऐकलेला असे.

काकांच्या शेजारच्या मालनकाकींचा मुलगा रितेश मुंबईत नोकरीला आहे. त्यानं ग्रुपवर लिहिलं, "बातम्या पुढं ढकलण्याआधी खऱ्या की खोट्या ते बघा. आणि सरकारला चार प्रश्न विचारले म्हणून कोणी देशाचा वैरी होत नाही."

काकांनी पडवीतून तोफ डागली. ग्रुपवर आलेला मजकूर असा: "रितेश तू घरभेदी आहेस तुझ्यासारख्यांना उचलून सीमेपलीकडं टाकलं पाहिजे या या बसा रघूभाऊ चहा टाकतो निर्लज्ज कुठला साखर किती घालू."

रितेशही काही कमी नाही. त्यानं कळवलं, "काका, तुमचं डोकं दोन जीबीचं आहे. त्यात बातमी मावते, विचार मावत नाही." आणि तो ग्रुप सोडून गेला. मालनकाकींनी काकांशी बोलणं टाकलं. दगडी गडग्यापलीकडून रोज येणारी आमटीची वाटीही यायची थांबली.

पुढच्याच आठवड्यात वार्षिक आलं. रितेश आला, खांबाला टेकून उभा राहिला. काकांनी सुरुवात झकास केली. शेतीभाती पिकू दे, व्हय महाराजा. मुंबईला गेलेल्यांची नोकरी टिकू दे, व्हय महाराजा. मग काका जरा चढले.

"आणि बा देवा महाराजा, जी पोरं वाट चुकून दुश्मनाची भाषा बोलतात, त्यांना सुबुद्धी दे."

"व्हय महाराजा."

"थांबा," रघू गुरव म्हणाले. "एक घर बोललं नाय."

सगळ्यांनी खांबाकडं पाहिलं.

"हे माझ्याबद्दल हाय," रितेश म्हणाला. "आडून कशाला? नाव घेऊन म्हणा ना, घरभेदी."

काकांनी जोडलेले हात सोडले. "देवाच्या म्होरं नाव घेऊन वंगाळ कसं बोलू, बाबा?"

"मग फोनच्या म्होरं कसं बोललास?" रघू म्हणाले. "तेव्हा चहा प्यायला मीच हुतो. साखर जास्त घातलीस."

मंडप हसला. काका मात्र हसले नाहीत. त्यांनी वाक्य बदलून पाहिलं. "ज्यांना लई प्रश्न पडतात, त्यांना उत्तरं मिळू दे."

"आणि ज्यांना एकही पडत नाय, त्यांना एखादा पडू दे," रितेश म्हणाला.

"हे टोचून हाय," काका म्हणाले.

"मग 'लई' काढा."

'लई' काढलं, तर काकांना 'एखादा' खुपायला लागला. मागून कोणीतरी दोघांनाही गप्प बसवायचा नवस बोलत होतं. एवढ्यात गोदूबाई पुढं आल्या. त्यांचा स्वरूप फौजेत. तोफा सुरू झाल्यापासून त्याचा एकच फोन आला होता, तोही अर्धा.

"माझ्या पोराचं कोण बोलणार हाय?" त्या म्हणाल्या. "त्याच्या नावानं एवढं भांडलात. एकानं तरी येऊन विचारलंत काय, गोदू, जेवलीस काय म्हणून?"

रितेश खांब सोडून काकांच्या शेजारी येऊन उभा राहिला. काकांनी पुन्हा हात जोडले.

"बा देवा महाराजा, आमचा स्वरूप सीमेवर हाय. त्याला हातीपायी धड घरी आण."

"व्हय महाराजा," सगळ्यांच्या आधी रितेश म्हणाला.

"हा रितेश प्रश्न विचारतो. मला त्याचं पटत नाय. पण पोर आपलंच हाय. मी त्याला फोनवर नको ते बोललो, ते पोटात घाल."

"व्हय महाराजा. मी काकांच्या डोक्याचं माप काढलं, तेही पोटात घाल. बाकी प्रश्न मी विचारणार."

"आणि मी रागावणार, महाराजा."

"व्हय महाराजा," अख्खा मंडप म्हणाला. रघूंनी पुन्हा कोणी तोंड उघडायच्या आत नारळ फोडला.

मान काकांच्याच घरी राहिला. पंगतीत मालनकाकींनी त्यांच्या पानात आमटी वाढली, न विचारता दोनदा. गोदूबाईंना मधे बसवून काका आणि रितेश दोन्ही बाजूंना बसले आणि त्यांच्या पानात वाढा म्हणून वाढणाऱ्यांना सांगत राहिले. आमटी संपेपर्यंत दोघांची पुन्हा जुंपलीही होती.

"तुला लिहायला घेतलं की माझं डोकं फिरतं," काका म्हणाले. "समोर असलास की बरा वाटतोस."

"मग लिहू नका. व्हिडिओ कॉल लावा."

आता पटलं नाही की काका कॉल लावतात. आधी "जेवलास काय?" मग "मेल्या, साफ चुकतोयस." मग तासभर दोघं समोरासमोर भांडतात, आणि वाडीला पहिल्यांदाच दोन्ही बाजू ऐकायला मिळतात. परवा तर रघू चहा घ्यायला आले आणि रितेशच्या बाजूनं बोलून गेले. साखर कमी पडली असेल.