चांगली गाडी मिस्त्रीच्या दारात

कामठी रोडवर, इंदोऱ्याच्या अलीकडे, नत्थू मेश्रामचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे चार टिना, एक कडुनिंब आणि कुठल्याशा मोडीत निघालेल्या गाडीची मागची सीट, गिऱ्हाइकानं टेकावं म्हणून झाडाखाली टाकलेली. कामात माणूस पक्का, पण तोंडानं तिखट. त्यातून त्याचा एक कायदा होता, तो त्यानं आपल्या उस्तादाकडून घेतला होता: चांगली गाडी मिस्त्रीच्या दारात उभी करायची नाही. धडधाकट माणूस दवाखान्याच्या पायरीवर बसला तर काहीतरी दुखणं घेऊनच उठतो, तसंच गाडीचं. सहज दोन गोष्टी करायला म्हणून कोणी थांबलं, तर नत्थू पाना न ठेवताच म्हणायचा, बिघडली असंल तं आत घे, नाही तं निघ. लोक हसायचे आणि निघायचे. वाहनाला नजर लागते, हे नागपुरात कोणाला पटवून द्यावं लागत नाही.

लोकांना असं पिटाळणं तेव्हा त्याला परवडत होतं, कारण बायको होती, बायजाबाई. दुपारी ती डबा घेऊन यायची ती संध्याकाळपर्यंत थांबायची. गाडीचं काम एकट्याचं नसतंच. एकानं खाली शिरायचं, दुसऱ्यानं वर बसून ब्रेक दाबायचा, स्टिअरिंग फिरवायचं. खालून नत्थू म्हणायचा, "दाब वं." वरून आवाज यायचा, "दाबलं." "सोड." "सोडलं." त्या बाईनं उभ्या जन्मात गाडी हातभर चालवली नाही, पण अर्ध्या नागपूरचे ब्रेक तिच्या पायाखालून गेले होते. भांडणसुद्धा त्यांचं असंच चालायचं, तो गाडीखाली आणि ती वर.

काविळीचं निमित्त झालं आणि ती गेली. मुलगी सावनेरला दिलेली, जावई कोळशाच्या खाणीत, दिवाळीला येऊन जायचे. मग नत्थूनं एकट्याची युक्ती काढली. ब्रेकवर वीट ठेवायची आणि स्टिअरिंग जुन्या ट्यूबनं दाराच्या मुठीला आवळून बांधायचं. काम अडत नव्हतं. पण ट्यूब नुसती धरून ठेवते, 'दाबलं' म्हणत नाही. हे त्याला फार लागायचं, आणि कोणाला सांगावं असं काही ते नव्हतं.

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात मनोहरराव ठवकर गाडी घेऊन आले. जंगलखात्यातून रेंजर म्हणून निवृत्त झालेले, उंच, बोलघेवडे गृहस्थ. मुलगा मस्कतला. त्यानं जहाजातून आणलेली जपानी गाडी बापाच्या अंगणात ठेवली आणि तो परत गेला. स्टिअरिंग असं, की एका बोटानं फिरावं. आत तेलाचा पंप होता, तो ताकद लावायचा. पण हळू चालवत पूर्ण वळण घेतलं, की इंजिन आचके देऊन बंद पडायचं, आणि इंजिन बंद पडलं की तेच स्टिअरिंग जात्यासारखं जड व्हायचं.

नत्थूनं असली गाडी पाहिली नव्हती. तो कबूल करणाऱ्यातला नव्हता, म्हणून त्यानं बॉनेट उघडून नुसतं हं केलं. मनोहररावांना त्यानं स्टिअरिंगवर बसवलं आणि स्वतः आत वाकला. प्लग पाहिले, पेट्रोल पाहिलं, पंपाचा पट्टा ताणून पाहिला, तेल पाहिलं. सगळं ठीक.

"फिरवा साहेब."

"फिरवलं."

नत्थूचा हात होता तिथंच थांबला. किती दिवसांनी वरून कोणी ओ दिली होती.

रोग सापडेना, म्हणून मनोहरराव रोज येऊ लागले. येताना तर्री-पोह्याचा पुडा आणायचे. काम कमी आणि गोष्टी जास्त. कुठल्या नाल्यात वाघीण आडवी आली, कुठल्या बंगल्यात साहेबाच्या बुटात विंचू निघाला. त्यातलं निम्मं खोटं असणार, पण नत्थू हसायचा. गॅरेजात हसू ऐकून शेजारचा पंक्चरवाला एकदा डोकावून गेला होता.

एक दिवस मनोहरराव गाडी ठेवून दाताच्या डॉक्टरकडे गेले. नत्थूनं खिळ्यावरची ट्यूब काढली, इंजिन सुरू ठेवून स्टिअरिंग पूर्ण वळवलं आणि बांधून टाकलं. पंपाच्या नळीवर त्याला एक बटणाएवढी वस्तू दिसली, तिच्यातून एक वायर निघालेली. त्यानं वायर काढून गाडीच्या अंगाला टेकवली. आचके खाणारं इंजिन चटकन सावरलं. म्हणजे स्टिअरिंग वळलं, तेलाचा दाब वाढला, की या बटणानं इंजिनला सांगायचं, जोर लाव. निरोप जात नव्हता तो इथंच. मग त्यानं वायर परत बटणाला लावली आणि बटणाच्या धातूपासून गाडीच्या अंगापर्यंत तारेचा तुकडा धरला. इंजिन पुन्हा सावरलं. बटणही चांगलं होतं. तेल पाझरू नये म्हणून मस्कतच्या कोणा शहाण्यानं बटणाच्या आट्यांवर जाड पट्टी गुंडाळली होती, तिनं बटण गाडीपासून तोडलं होतं, करंट गाडीच्या अंगात उतरतच नव्हता. पट्टी काढली की झालं.

आणि नत्थूनं ती काढली नाही.

बटणाकडे पाहत तो बराच वेळ उभा राहिला. मग कार्ब्युरेटरचा स्क्रू अर्धा फिरवून इंजिनची रेस थोडी वाढवली. त्यानं रोग झाकतो, जात नाही, हे तो जाणून होता. मनोहरराव गाल धरून परतले तेव्हा त्यांना म्हणाला, चालवून पाहा चार-आठ दिवस. चार-आठ दिवसांनी उकाडा वाढला, एसीचा भार इंजिनवर आला, गाडी पुन्हा आचके देऊ लागली आणि मनोहरराव पुन्हा झाडाखाली येऊन बसले. असा अख्खा उन्हाळा गेला. मजुरी तो घेईना. रोगच सापडला नाही तर मजुरी कशाची, म्हणायचा. चोरी कशाला म्हणतात हे न कळण्याइतका तो भोळा नव्हता. रात्री अंथरुणावर ती पट्टी त्याच्या डोळ्यांसमोर यायची आणि सकाळी पोह्यांचा वास आला की विसरायची.

मग एका सकाळी मनोहरराव आले ते पोहे न घेता. कडबी चौकात वळताना गाडी बंद पडली होती. स्टिअरिंग जाम, गाडी आडवी, आणि समोरून कोळशाचा भरलेला ट्रक. ट्रकवाल्यानं कसा थांबवला त्यालाच ठाऊक. मनोहररावांनी हेही वाघाच्या गोष्टीसारखंच रंगवून सांगायला घेतलं, पण ती अर्ध्यावरच सोडली.

"वाघ परवडला, नत्थू," ते म्हणाले. "वाघ निदान आपल्याकडे पाहते तरी."

नत्थू हसला नाही. तो उठला, पाना घेतला, बटण खोललं, पट्टी नखानं खरवडून काढली, आटे पेट्रोलनं धुतले आणि बटण परत आवळलं.

"फिरवा साहेब."

"फिरवलं."

"पुरं फिरवा."

"पुरंच फिरवलं गा."

इंजिन चालूच राहिलं. मनोहररावांनी डावीकडे वळवलं, उजवीकडे वळवलं, लहान पोरासारखं पुन्हा डावीकडे वळवलं. काय होतं, म्हणून विचारलं. नत्थूनं तेलकट पट्टी दाखवली.

"आजच सापडली काय?"

"आजच," नत्थू म्हणाला. साऱ्या उन्हाळ्यात त्याला एवढी शरम वाटली नव्हती.

मनोहररावांनी बळेच त्याच्या खिशात नोटा कोंबल्या. "आता तुह्या दारात उभी करत नाही रे बाबा. तुहाच कायदा हाय." ते मोकळं हसले आणि गेले.

त्यानंतर गाडी संध्याकाळी रस्त्यानं जाताना दिसायची. झाडापाशी हळू व्हायची, हॉर्न दोनदा वाजायचा, खिडकीतून हात निघायचा. थांबायची मात्र नाही. जंगलात आयुष्य काढलेला माणूस, शकुन-अपशकुन पाळणारा. नत्थूला फार वाटायचं की म्हणावं, साहेब, थांबत जा. पण ज्यानं सगळ्यांना पिटाळलं त्यानंच हे कोणत्या तोंडानं म्हणावं? त्यांच्या बंगल्यावर जाणं तर नाहीच. बोलावल्याशिवाय मिस्त्री गिऱ्हाइकाच्या दारी जात नसतो.

एकदा पुढचा रस्ता खोदलेला निघाला. मनोहररावांना गाडी गॅरेजसमोरच वळवावी लागली. नत्थू एका टेम्पोखालून बाहेर आला आणि उभा राहिला. स्टिअरिंग पुरं वळलेलं, गाडी मुंगीच्या पावलानं फिरत झाडाखालच्या सीटला जवळजवळ लागून गेली. इंजिनचा आवाज तसूभर खाली आला नाही. नत्थूनं आयुष्यात इतकं चोख काम क्वचितच केलं होतं.

"पाह्य नत्थू, एकदम मक्खन," मनोहरराव खिडकीतून म्हणाले आणि निघून गेले.

नत्थूनं हात वर केला होता, तो फडक्याला पुसला. खिळ्यावरची ट्यूब काढून टेम्पोचं स्टिअरिंग वळवून बांधलं आणि पुन्हा खाली शिरला.

"फिरवलं काय?" त्यानं खालून विचारलं.

थोडा वेळ वाट पाहून तोच म्हणाला, "फिरवलं."