खाणीचं पाणी

चंद्रपूरकडच्या एका कोळसा खाणीलगतच्या गावात मी शिक्षिका होते. एका दुपारी शेजारच्या शेवंताबाई नाल्यावर दिसल्या. खाणीतून उपसून सोडलेलं काळपट पाणी त्या कळशीत भरत होत्या.

"हे कशाला नेता?" मी विचारलं.

"आमच्याच विहिरीचं आहे जी. खाण खोल गेली अन् विहीर आटली. घरी नेऊन ठेवलं का गाळ खाली बसते."

मी त्यांच्यासोबत निघाले. भूगोलाच्या तासाला मी मुलांना तेलाचे, हिऱ्यांचे देश शिकवायचे. त्यातल्या कित्येक देशांतली माणसं गरीब का, याचं उत्तर मात्र मला देता येत नसे. त्या वाटेवर ते सुचलं. शेत पिकवायला गावची माणसं लागतात. जमिनीखालचं धन काढायला ती लागत नाहीत, यंत्रं आणि बाहेरचे कामगार पुरतात; त्यांनी फक्त बाजूला व्हायचं असतं. मग त्यांच्या शाळेला छप्पर, दवाखान्याला डॉक्टर कोण कशाला देईल?

वर्गात हे मी कधीच सांगू शकले नाही.

दारात कळशी उतरवून शेवंताबाई म्हणाल्या, "आता गावाखालीबी कोळसा निघाला म्हणतात." घरात कुणाला असाध्य आजार निघाल्यावर सांगावं, तशा आवाजात.